चिचुंद्रीला गाडी लागते

चिचुंद्रीचं सगळं आयुष्य उंदराच्या नावावर शिव्या खाण्यात जातं. धान्याचं पोतं फोडणार उंदीर आणि सापळ्यात सापडणार ही. वास्तविक ती उंदरांच्या जातकुळीतलीच नव्हे. तिचं गोत्र युरोपातल्या हेजहॉगशी आणि मोलशी जुळतं. दात कुरतडण्याचे नाहीत, किड्यांची कवचं फोडण्याचे. आहार म्हणाल तर झुरळं, नाकतोडे, गांडुळं, आणि उघडं राहिलेलं काहीही.

भूकही साधीसुधी नाही. एवढ्याशा अंगातून ऊब भराभर निघून जाते, म्हणून पोटात सतत काहीतरी टाकत राहावं लागतं. तिची एक चुलत बहीण दक्षिण युरोपापासून आपल्या उपखंडापर्यंत आढळते. वजन दोन ग्रॅमच्या आसपास, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्याही वर. आपल्याकडचा डॉक्टर तिला तपासता तपासता स्वतःच आडवा होईल.

किप्लिंगने १८९४च्या ‘जंगल बुक’मध्ये चुचुंद्राला रडका करून ठेवलं: खोलीच्या मध्यभागी यायची हिंमत नाही, जन्मभर भिंतीकडेने. हा अन्याय आहे. डोळ्यांनी फारसं दिसत नसताना मिशांनी भिंत चाचपत चालणं, याला मी तरी शहाणपण म्हणेन. शिवाय कुशीतल्या ग्रंथींचा तो उग्र दर्प! मांजर तिला मारतं. पण खाताना विचारात पडतं. पिल्लांचंही पाहा. पहिलं आईच्या पाठीमागची लव दातात धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, आणि आगगाडी निघते.

पण माझा जीव जडला तो वेगळ्याच कारणाने. उंदराला ओकता येत नाही; चिचुंद्रीला येतं. जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात तिला मागेपुढे हलवून पाहिलं, तर तिला चक्क गाडी लागली! तेव्हापासून मळमळीवरच्या संशोधनात तिला मान आहे. पसरणीच्या घाटात हातात पिशवी धरून बसणाऱ्या मला हे वाचून फार बरं वाटलं.

घरात सांगितलं, तर बायकोने वेगळाच मुद्दा काढला.

“झुरळं खाते म्हणता, मग ओट्यामागे एवढी कशी?”

“एकटी बिचारी किती खाणार?”

“मग आणखी दोन आणा. पण वास तुम्ही घ्यायचा.”