थाळनेरची नात

भिंतीपलीकडे काकूंचे बिबडे खाटेवर वाळत होते. कठड्यावरच्या मोबाइलमध्ये 'साधी माणसं'मधलं ते लोहाराच्या भात्याचं, ऐरणीचं गाणं लागलं होतं. कपडे झटकता झटकता मी म्हणाले, "आनंदघनांच्या चाली अजून कशा ताज्या वाटतात, नाही?"

"आनंदघन काय बोली राहिल्या ताई? लता म्हणा ना सरळ! आमच्या थाळनेरची."

काकूंचं माहेर शिरपूरकडचं. फारुकी सुलतानांपासून पपईपर्यंत जगातलं जे जे चांगलं, ते तापीच्या त्या काठावरनं पाचोऱ्यात आलंय, असं त्यांचं ठाम मत.

"थाळनेरची कशी? जन्म इंदूरचा, मूळ गाव गोव्यातलं मंगेशी."

"अन् आई कुठली? थाळनेरच्या हरिदास शेठ लाडांची लेक. थोरली दीनानाथांना दिलेली, ती वारली, मग धाकटी दिली. ती धाकटी, शेवंती, म्हणजे लताची आई. पावागडचे गरबे पोरीला आजीनं शिकवले, आहे का माहिती?"

"गरबे गुजराती झाले, काकू."

"मग? लाड शेठ गुजरातीच होते. आपल्या अहिराणीतनं गुजराती काढून दाखवा, किती उरते बघू."

इथे मी गप्प. पण पुढचं सोडवेना. "'साधी माणसं'तली माती मात्र कोल्हापूरची. भालजी पेंढारकरांचं सगळं तिकडचं. 'मोहित्यांची मंजुळा'च्या वेळी म्हणे त्यांना संगीतकार मिळेना. लताबाई म्हणाल्या, मी करते. भालजींना काळजी, सिनेमा पडला तर एवढं मोठं नाव उगाच खराब व्हायचं. म्हणून टोपणनाव. ही गोष्ट 1963 ची."

"पडला असता तर आनंदघनच्या माथी! हुशार माणूस."

मला यात हुशारीपेक्षा मोकळीक दिसते. लता मंगेशकर या नावाखाली चाल लावायची म्हटलं की लोकांनी आधी अवघड ताना शोधल्या असत्या. आनंदघनाकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. म्हणून चाली अशा सरळ, की आमचं भजनी मंडळही म्हणू शकेल (म्हणतं ते; कसं, ते विचारू नका). आणि 'मराठा तितुका मेळवावा'मधली रेशमाची लावणी तर बाईंनी स्वतःकडे ठेवलीच नाही, आशाबाईंना दिली. गाणं कुठल्या गळ्याचं आहे हे ओळखणं, हे खरं संगीतकाराचं काम.

"अन् फुटलं कसं मग?" काकू भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. त्यांना हे माहीत होतं, याची मला खात्री आहे.

"'साधी माणसं' आला 1965 ला. राज्य सरकारचं संगीताचं बक्षीस त्यालाच मिळालं. समारंभात आनंदघनांचं नाव पुकारलं, तर उठेना कुणी. लताबाई जागच्या जागी बसून! शेवटी सांगावं लागलं, की आनंदघन इथेच बसलेत, त्या या."

"माय वं!"

त्यानंतर 1969 चा 'तांबडी माती', तोही भालजींचाच, आणि मग आनंदघन बरसायचे थांबले. गाण्यातून सवड नसेल. मला मात्र वाटतं, नाव उघडं पडलं तिथेच निम्मी गंमत गेली.

काकूंचं लक्ष भलतीकडेच. "पण ताई, सिनेमावाले, वाजवणारे, गाणारे, एवढ्या सगळ्यांना माहिती असणार. अन् कोणी बोललं नाही? इथं मी सोमवारी दादर ज्वारी घेतली दोन पायल्या, तर संध्याकाळी भडगाव रोडपर्यंत भाव ठाऊक!"

"तो मीच सांगितला होता."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या, आणि बिबडे उलटायला वळल्या.