रस्ता झाला की येतो

आमच्या चौघांच्या मैत्रीत गेली चौदा वर्षं एकच वाक्य ये-जा करत होतं : ‘रस्ता झाला की येतो.’ म्हणणारे आम्ही दोघे डोंबिवलीकर, मी आणि शेठ. ऐकणारे दोघे, चिपळूणचा मास्तर आणि कुडाळची खानावळ. ‘खानावळ’ हा पुरुष आहे. वसतिगृहात घरून आलेला डबा तो सगळ्यांना वाटायचा आणि मग सगळ्यांच्या ताटांत स्वतः जेवायचा. मास्तर कधीही शिक्षक नव्हता आणि शेठकडे कधीही पैसे नव्हते. पण नावं एकदा चिकटली की चिकटली.

ही चिकटली रत्नागिरीत, १९८०च्या सुमारास, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी. मुंबईहून तिकडे जायला तेव्हा एसटीची रातराणी. महामार्गाचा नंबर १७ होता आणि आम्हीही सतरा-अठराचेच. पुढे सरकारनं नंबर बदलून ६६ केला. आम्ही सध्या बासष्टवर आहोत, त्याला गाठायला आता फार वेळ नाही.

२०११ साली शेठच्या नव्या जागेच्या वास्तुशांतीला चौघं एकत्र जेवलो. हात धुताना खानावळ म्हणाला, आता माझ्याकडे या, गाडीनं या, मास्तरला वाटेत उचला. ठरलं. नेमकं त्याच वर्षी याच महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं. म्हटलं, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. आत्ता धूळ खात जाण्यापेक्षा रस्ता झाला की सुळकन जाऊ.

नंतर दर दिवाळीला फोन. शुभेच्छा आटोपल्या की खानावळ विचारायचा, ‘झालो काय रे रस्तो?’ मी जबाबदार अधिकाऱ्यासारखा खुलासा द्यायचो. भूसंपादन अडलंय. ठेकेदार बदललाय. पावसानं सगळं उखडलंय. या मार्गाची माझी माहिती इतकी अद्ययावत असायची की त्या वेळात मी दोनदा जाऊन आलो असतो.

कोणी म्हणेल, रेल्वे होती की! होती. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावतेय आणि कुडाळला थांबतेसुद्धा. २०२१ला जवळच्या चिपी विमानतळावर विमानंही उतरू लागली. पण आमचं ठरलं होतं गाडीनं. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, रस्त्याइतकं सोयीचं निमित्त दुसरं नव्हतं. मुलाची बारावी, आईचं अंथरूण, शेठचं बायपास, माझ्या निवृत्तीचे कागद, अशी कारणं खरी असली तरी सांगताना जड जातात. ‘मग इतक्या वर्षांत दोन दिवस निघाले नाहीत?’ असा प्रश्न त्यांच्या मागोमाग येतो. रस्त्याचं तसं नाही. तो कोणालाच मान्य नव्हता. आम्ही चौघं मिळून त्याला शिव्या द्यायचो आणि फोन ठेवताना अगदी भेटल्यासारखं वाटायचं.

अखेर २०२५च्या नोव्हेंबरात निघालो, रस्ता न होताच. त्याचं कारण फारसं भारदस्त नाही. शेठच्या डॉक्टरांनी त्याला लांबचा प्रवास टाळा असं सांगितलं, आणि शेठ सांगितल्याच्या उलटं करतो.

पहाटे पाचला डोंबिवली सोडली. १९८०त एक ट्रंक न्यायचो, वर बांधलेली वळकटी. आता चाकाच्या बॅगा, कमरेचे पट्टे, आणि शेठची सात कप्प्यांची गोळ्यांची डबी. पेणच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं की आज शुक्रवार असून शनिवारचा कप्पाही रिकामा आहे. ‘म्हणजे मी उद्याचा दिवस घेऊन टाकला,’ शेठ म्हणाला आणि वडापावची ऑर्डर दिली. बायपासवाल्या माणसानं वडापाव खावा का, हा वाद नागोठण्यापर्यंत पुरला.

‘वळण रस्ता’ या पाटीची मला आता माया वाटते. आधी चार पदर, मग दोन, मग मातीचा एक, मग पुन्हा चार. मधूनच दिसतात नुसते उभे खांब, पूल व्हायची वाट बघणारे. माणगावच्या बाजारात पाऊण तास उभे होतो. तेवढ्यात शेजारच्या टेम्पोवाल्याशी इतकी ओळख झाली की त्यानं मुलीचं स्थळ सुचवलं.

महाडला सावित्रीचा पूल आला तेव्हा शेठनं गाणी बंद केली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल पुरात गेला, आणि वरून जाणाऱ्या दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्याच पुलावरून तीन वर्षं आम्ही रातराणीच्या खिडकीला डोकं टेकून घोरत गेलो होतो. पलीकडे पोचेपर्यंत कोणी बोललं नाही.

मग कशेडी. जुना कशेडी घाट म्हणजे आवळासुपारी, लिंबू आणि खिडकीसाठी मारामारी. आता दोनेक किलोमीटरचा बोगदा झालाय. आत शिरलो, दिवे मोजेपर्यंत बाहेर. ‘मळमळलंसुद्धा नाही रे,’ शेठ म्हणाला. आवाजात चक्क तक्रार होती.

चिपळूणला मास्तरकडे जेवलो. घर नुकतं रंगवलेलं, फिकट पिवळं. फक्त बैठकीच्या भिंतीवर, स्विचबोर्डच्याही वर हातभर, एक मातकट पट्टा आडवा सोडलेला. २२ जुलै २०२१चं पाणी तिथवर होतं. रंगाऱ्यानं पुसायला घेतला तर मास्तरनं ब्रश हातातून काढून घेतला म्हणे. मग त्यानं आमचा ग्रुप फोटो आणला, शेवटच्या वर्षाचा, वसतिगृहाच्या पायरीवरचा. पाण्यात काचेला चिकटून बसलाय, सुटत नाही. मास्तरचा चेहरा आहे, शेठचा अर्धा आहे, खानावळ पूर्ण शाबूत, हातात वाटीसकट. मी कमरेपासून खाली उरलोय. ‘पँटवरून ओळखतो मी तुला,’ मास्तर म्हणाला आणि पटकन फोटो आत ठेवायला गेला. बराच वेळ आला नाही.

तिथून तिघं. हातखंब्याला रत्नागिरीचा फाटा येतो. तिघांनीही उजवीकडे पाहिलं. वसतिगृह बघून जाऊ, असं कोणीतरी म्हणेल म्हणून तिघंही थांबलो, कोणी म्हणालं नाही. पाली, लांजा, राजापूर. इकडे रस्ता खरोखर चांगला आहे. नावं ठेवायला काही न मिळाल्यानं गाडीत शांतता पसरली. अखेर मास्तरनं खारेपाटणजवळ शेठच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायला घेतली, तेव्हा बरं वाटलं.

कुडाळच्या आत त्याच्या वाडीत पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. चिऱ्याचं घर, शेणानं सारवलेलं खळं, आणि पायरीवर बॅटरी घेऊन खानावळ. केस सगळे गेलेले, पोट आलेलं. त्यानं बॅटरी एकेकाच्या तोंडावर मारली. हजेरी घ्यावी तशी. मग म्हणाला, ‘इलास? रामाक पण चवदाच वर्सां लागली. पण तो चलत गेल्लो.’

यावर काय बोलणार? चपला काढल्या.

वसतिगृहात आम्ही रात्र-रात्र बोलायचो. इथंही तोच बेत होता, वहिनींनी पडवीत गाद्या घातल्या होत्या. प्रत्यक्षात जेवलो, गोळ्या घेतल्या, आणि साडेदहाला चौघंही आडवे. शेठनं एक किस्सा सुरू केला होता, तो ‘मग काय झालं’ इथवर आणून तो स्वतःच झोपला. पण साठीनंतर माणूस सलग झोपत नाही, ही निसर्गाची कृपा. साडेतीनला मी परसाकडे जायला उठलो तर मास्तर आधीच गेलेला. येईपर्यंत शेठ. मग खानावळ. चौघं पुन्हा पडवीत जमलो आणि तेव्हा कुठं खरी भेट झाली. काय बोललो ते सांगण्याजोगं नाही, निम्मं तर मेलेल्या सरांबद्दल होतं. उजाडल्यावर वहिनींनी उकड्या तांदळाची पेज आणून ठेवली, वर तुपाची धार, बाजूला लोणच्याची फोड. खानावळनं सवयीनं प्रत्येकाच्या वाटीत चमचा घालून पाहिला.

परतताना माणगावला दीड तास लागला.

घरी पोचल्यावर शेठनं ग्रुपवर टाकलं, पुढच्या मे महिन्यात पुन्हा, आंब्यांना. खानावळनं लगेच अंगठा दिला. मास्तरचं उत्तर आलं, ‘घाई कशाला? माणगावचा रस्ता होऊ दे.’ मी त्याला ग्रुपमधून काढून टाकला. संध्याकाळी पुन्हा घेतला.