काठावरचे सर

पोहण्याचे सर पुण्यात टिळक तलावावर सापडोत की दादरला शिवाजी पार्कच्या, त्यांची पॅन्ट पोटरीपर्यंत दुमडलेली असते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब नसतो. गळ्यात शिट्टी नि स्टॉपवॉच, पायात रबरी चपला, हातात बांबू. बांबू बुडणाऱ्यासाठी असतो. आमच्या कॉलेज टीमच्या सरांच्या मते आम्ही सगळेच रोज बुडत होतो, त्यामुळे तो कायम कुणाच्या ना कुणाच्या पोटरीला टोचलेला असे.

स्पर्धेचं पाणी २५ ते २८ अंशांचं असावं असा नियम आहे. डिसेंबरातल्या एका पहाटे आमच्यातल्या शहाण्यानं तो सरांना ऐकवला. सरांनी कानटोपी नीट केली, वरच्या स्वेटरचं बटण लावलं आणि म्हणाले, "ही प्रॅक्टिस आहे. मार सूर."

चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. टोपी आणि गॉगलमध्ये सगळे सारखेच. ते माणूस ओळखायचे टाचेवरून, फार तर कोपरावरून. लक्ष्मी रोडवर मी आईसोबत असताना त्यांना नमस्कार केला, तर बराच वेळ निरखून भर गर्दीत म्हणाले, "असा अंगभर कपड्यांत ओळखू येत नाहीस रे!" आईला सगळं समजावून सांगेपर्यंत तुळशीबाग आली.

आता टीम. मेडले रिलेला चौघं लागतात. पाठीवर पोहणारा आधी, कारण तो पाण्यातूनच सुटतो; मग ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाइल. कुठल्याही कॉलेजात यातले तिघं मिळतात. बटरफ्लायवाला मिळत नाही, तो पकडून आणावा लागतो. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई खेळांत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं; जलतरणात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं पदक. सरांनी ते कात्रण कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर डकवलं आणि आमच्या हॉस्टेलवरच्या एका गड्याला धरलं.

गडी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला. मान पाण्यावर ठेवूनच पोहायचा, कारण विहिरीत समोरून दिवड येतोय का ते बघावं लागतं. ५० मीटर सरळ पोहणं त्याच्या गावीच नव्हतं. पण विहिरीत चार हात मारले की भिंत येते, त्यामुळे वळण असं झोकात घ्यायचा की शेजारच्या लेनमधले बघत राहायचे. तिथेच घोटाळा झाला. बटरफ्लायला वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत यानं विहिरीच्या सवयीनं एकच लावला आणि अख्खी रिले बाद झाली. सर चकार शब्द बोलले नाहीत. त्याला मिसळ खायला घेऊन गेले, स्वतःच्या पैशानं दोन प्लेटी चारल्या आणि प्रत्येक घासाआधी दोन्ही हात एकदम टेबलाला लावायला लावले. वेटर उगाच चार वेळा विचारून गेला, काही हवंय का.

सरांना स्वतःला पोहता येतं का, यावर टीममध्ये दोन पक्ष होते. एकाचं म्हणणं, त्यांनी तरुणपणी धरमतर ते गेटवे हे सुमारे ३५ किलोमीटरचं अंतर समुद्रातून कापलंय. दुसऱ्या पक्षालाही हे मान्य होतं, फक्त लाँचनं.

निकाल लागायची वेळ एकदाच आली. माझं १५०० मीटर चाललं होतं, म्हणजे ३० फेऱ्या. सरांच्या गळ्यातली दोरी तुटली आणि स्टॉपवॉच पाण्यात पडलं, तेही उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात. सगळे जागच्या जागी थांबले, मीसुद्धा. सरांनी चपला काढल्या. पहिल्या पक्षानं टाळ्या सुरू केल्या. सरांनी बांबूला पालापाचोळा काढायची जाळी बांधली, गुडघ्यांवर बसले, घड्याळ अलगद वर काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"चालू आहे," ते म्हणाले. "तू का थांबलास?"