हाँगकाँगची बाई आणि महागाव

१५ सप्टेंबर २०२१ रोजी ‘चॅनल व्ही’ ही गाण्यांची वाहिनी बंद पडली, तेव्हा आमच्या महागावात कुणाच्या घरची चूल पेटायची राहिली नाही. गणपतीचे दिवस होते. आदल्याच दिवशी महालक्ष्म्या उठल्या होत्या, सोळा भाज्यांची उरलेली भाजी आणि तळाशी घट्ट झालेली आंबील संपवण्याच्या उद्योगात घरं गुंतली होती. शेतात सोयाबीन शेंगांवर आलं होतं आणि लोक आभाळाकडे बघत होते ते पावसासाठी. वार बुधवार होता. कधीकाळी बुधवार म्हणजे दूरदर्शनवरच्या गाण्यांच्या ‘चित्रहार’चा वार. या योगायोगाने हळहळणारा साऱ्या तालुक्यात मी एकटाच निघालो असतो, पण मलाही ती बातमी बऱ्याच दिवसांनी, मोबाइलवर भलतंच काही शोधताना दिसली. महालक्ष्म्यांना निरोप देताना आपण त्यांच्या पुढ्यात दहीभात ठेवतो, पुन्हा या म्हणतो. सत्तावीस वर्षं घराघरांत येऊन बसलेल्या या पाहुणीला ‘निघालीस का?’ एवढंही कुणी विचारलं नाही.

आली होती मात्र थाटात. १९९१ मध्ये स्टार टीव्हीने हाँगकाँगहून आशियाभर पाच वाहिन्या दाखवायला सुरुवात केली, त्यांतली एक एमटीव्ही. १९९४ मध्ये दोघांचं फाटलं, एमटीव्ही निघून गेली, आणि त्या मोकळ्या जागेवर स्टारने स्वतःची गाण्यांची वाहिनी उभी केली, ती चॅनल व्ही. ज्या उपग्रहावरून हा सगळा झगमगाट खाली उतरायचा, त्या एशियासॅट-१ची कुंडली मला फार उशिरा वाचायला मिळाली. १९८४ च्या फेब्रुवारीत तो वेस्टार-६ या नावाने वर गेला आणि भलत्याच कक्षेत भरकटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी बाहेर तरंगत जाऊन त्याला अक्षरशः हाताने धरलं आणि पृथ्वीवर परत आणलं. मग त्याची दुरुस्ती झाली, तो विकला गेला, नवं नाव लागलं आणि १९९० च्या एप्रिलमध्ये एका चिनी अग्निबाणावर बसून तो पुन्हा वर गेला. थोडक्यात, उपग्रह सेकंडहँड होता. हे तेव्हाच कळलं असतं तर मला केवढा धीर आला असता! आमचा टीव्ही पुसदच्या एका ओळखीच्या घरून आलेला, माझी सायकल मामाची, नववीची पुस्तकं शेजारच्या दादाची, आणि त्यांतल्या अवघड ओळींखालच्या रेघाही त्याच्याच. वापरलेल्या वस्तूंच्या या रांगेचं वरचं टोक थेट छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर आहे, याचा मी उगाच अभिमान बाळगला असता.

ते छत्तीस हजार किलोमीटर गाणं बिनबोभाट पार करायचं. घोळ व्हायचा तो शेवटच्या दोनशे फुटांत. केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची भली मोठी छत्री होती, आणि तिथून निघालेली काळी वायर आमच्या घरापर्यंत एका कडुनिंबाच्या भरवशावर यायची. वानरांचा कळप त्याच कडुनिंबावर मुक्कामाला असे. एखादं आडदांड वानर वायरला धरून झोका घेई आणि पडद्यावर लंडनमधल्या कुणा गायकाच्या तोंडावर मुंग्या येत. मग कुणीतरी काठी घेऊन बाहेर, कुणीतरी टीव्हीपाशी, आणि मध्ये दारात उभं राहून ‘आलं, आलं... गेलं’ असं ओरडणारा मी. टीव्हीचा नॉब झिजलेला होता, तो जागेवर राहावा म्हणून त्याच्या फटीत आगपेटीची काडी खोचलेली असायची. ती काडी किती आत सारायची याचं एक शास्त्र होतं. अर्धी आत गेली तर चित्र यायचं आणि आवाज जायचा, जरा जास्त दाबली तर आवाज यायचा आणि चित्रातली माणसं हिरवट दिसायची. पुढे कधीतरी रंगांची गडबड नसलेला टीव्ही पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या काळचे सगळे पाश्चात्त्य गायक काविळीने आजारी नव्हते.

आणि वर केबलवाल्याची मर्जी. त्याच्याकडे यंत्रं मोजकी, म्हणून एकाच जागेवर तो कधी गाणी लावी, कधी खेळ. एखादी गोरी पोरगी डोळे मिटून, वाऱ्यावर केस सोडून वरच्या सुरापाशी पोचायला आलेली असे, आणि खट्कन शारजात टॉस व्हायचा. तिचा तो सूर कुठे लागला, लागला की नाही, हे मला अजून माहीत नाही.

खरी जादू मात्र दोन गाण्यांच्या मधल्या जागेत होती. तिथे व्हीजे नावाची व्यक्ती यायची. रुबी भाटिया, सोफिया हक, मेघना रेड्डी. गाणं संपलं की यांच्यापैकी कुणीतरी पडद्यातून सरळ आमच्याकडे बघत, हात हलवत, भराभरा इंग्रजीत काहीबाही सांगायचं. दूरदर्शनवरच्या बातम्या देणाऱ्या बाई साऱ्या देशाशी बोलायच्या आणि त्यात आम्ही कुठेतरी मागे बसलेले असायचो. ही मुलगी मात्र एकेकट्याशी बोलायची. कसे आहात, काय चाललंय, असं काहीसं विचारायची. महागावात इंग्रजीतून आमची खुशाली विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आमच्या इंग्रजीच्या सरांनी तर कधीच विचारली नव्हती.

आजी खाटेवर बसून वाती वळत असायची. त्या पोरीने हात हलवला की आजी आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची, कारण बाई सरळ बघते आहे हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि मग सावकाश उत्तर द्यायची, ‘‘बरी हाय माय.’’ मी एकदा हसलो, तर म्हणाली, ‘‘हसतं काहून बाबू? इचारलं तं सांगाव लागते.’’ आजीला तिच्या बोलण्यातला एक शब्द कळत नव्हता आणि मला सात-आठ कळत होते, पण आमच्या दोघांत त्या पोरीशी खरं संभाषण फक्त आजीचंच झालं, असं आता वाटतं. मी आपला ऐकल्यासारखं करायचो. आमच्या दारात सोयाबीनचं कुटार पडलेलं, हेडफोन पाहायला मिळाला नव्हता, समुद्रही पाहिला नव्हता. तरी आपण आत्ता तिच्याच सोफ्यावर बसलो आहोत हे ती पोरगी इतकं गृहीत धरून चालायची, की क्षणभर आपल्यालाही वाटायचं, असू बुवा.

आजीची समीक्षा स्वतंत्र होती. १९९६ च्या सुमारास लकी अलीचं ‘ओ सनम’ सारखं लागायचं. इजिप्तमध्ये चित्रित झालेलं, वाळू, पिरॅमिड, आणि त्यात हा दाढीचे खुंट वाढलेला, डोळ्यांत कुठलंतरी जुनं दुःख घेऊन हिंडणारा माणूस. आम्ही पोरं हरवून बघायचो. आजी बराच वेळ बघून म्हणाली, ‘‘एवढ्या उन्हातान्हाचा फिरून रायला, याच्याजवळ पाण्याचा लोटा काहून नाही?’’ आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, ‘‘घरी भांडून आला असंन.’’ त्या गाण्याबद्दल पुढे मी पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं काही सापडलं नाही. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ चं. त्यात राजकन्येसारखी नटलेली अलिशा एकामागून एक नवरे नापसंत करते, आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण निघतो. ‘‘नाव काय म्हणं याचं?’’ आजीने विचारलं. सोमण, मी म्हटलं. त्यासरशी तिचा सूर बदलला. तोवर उघड्या अंगाचा एक निलाजरा गडी होता, तो आता आपल्याकडचं लेकरू झाला. पुढच्या वेळी गाणं लागलं तेव्हा तिला एकच काळजी होती, की त्या बंद खोक्यात याने श्वास कसा घेतला असेल.

आज हिशोब मांडला की गंमत वाटते. हे व्हिडिओ म्हणजे मुळात कॅसेटच्या जाहिराती. कंपन्यांनी त्या कॅसेट खपाव्यात म्हणून बनवल्या. म्हणजे आम्ही दिवसभर आवडीने जाहिराती बघत होतो, आणि मध्ये साबणाची जाहिरात लागली की चिडत होतो. कॅसेट तर आम्ही विकत घेतल्याच नाहीत. कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी उमरखेडच्या दुकानात दिली की आठवड्याने सगळी गाणी एकावर भरून मिळायची, यादीत न लिहिलेली एक-दोन दुकानदाराच्या आवडीची धरून.

पण न मागितलेलं मिळणं हाच तर त्या वाहिनीचा स्वभाव होता. आवडीचं एक गाणं लागेपर्यंत नावडती दहा सोसावी लागत, आणि ती सगळ्यांनी मिळून सोसायची असत. बाबांना दलेर मेहंदी चालायचा, बहिणीला फाल्गुनी पाठक हवी असायची, मला कळत नसलेली इंग्रजी गाणी हवी असायची. क्विक गन मुरुगन नावाचा तो मिशीवाला मद्रासी काउबॉय लागला की मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं. वाहिनीने स्वतःच्याच जाहिरातीसाठी काढलेला हा सोंगाड्या, पण एसटी स्टँडवर पोरं एकमेकांना ‘माइंड इट’ म्हणायची आणि कंडक्टरही कुणाला सुट्टे पैसे मागताना म्हणायचा. २००२ च्या आसपास अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजिबा’ आलं, तेव्हा मराठीलाही असं नटूनथटून नाचता येतं हे पाहून आम्ही जरा ताठ बसलो. पुढे २०११ मध्ये ‘नाइन एक्स झकास’ ही मराठी गाण्यांची स्वतंत्र वाहिनीच निघाली. आजी तोवर गेली होती.

उतार कुठून लागला ते सांगता येत नाही. एमटीव्ही १९९६ मध्ये भारतात परतली होती, मग गाण्यांच्या वाहिन्या वाढल्या, आणि वाढता वाढता त्यांना गाण्यांचाच कंटाळा आला. २०१२ मध्ये चॅनल व्हीने गाणी बाजूला सारून कॉलेजातल्या पोरापोरींच्या मालिका लावल्या. २०१६ मध्ये पुन्हा गाण्यांकडे मोर्चा वळवला. वर्ष तरी कुठलं निवडावं! त्याच सप्टेंबरात जिओ आलं, महागावच्या पानटपरीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं गाणं आलं. पुढे जुनी केबल जाऊन सेट टॉप बॉक्स आला, वानरांचा कार्यक्रम संपला. २०१९ मध्ये तर नियमच निघाला की ज्याला जी वाहिनी हवी ती त्याने सांगून घ्यावी, १३० रुपये आणि वर कर यांत शंभर वाहिन्या. केबलवाला छापील यादी घेऊन घरी आला होता, मी नावांपुढे खुणा करत गेलो. चॅनल व्हीच्या नावावरून पेन पुढे सरकला की तिथे थांबला, तेसुद्धा मला आठवत नाही. मागून घ्यायची वेळ आल्यावर तिची आठवण कुणाला होणार?

गेल्या दिवाळीत भाची आली होती, पुसदची, अकरा-बारा वर्षांची. तिच्या फोनवर गाणी आपोआप एकामागून एक लागत होती. मी तिला व्हीजेंबद्दल सांगू लागलो. गाणं संपलं की एक बाई यायची, म्हटलं. ‘‘कशाला?’’ तिने विचारलं. पुढचं गाणं कोणतं ते सांगायला. ‘‘ते तर लागलं की कळतंच.’’ बरोबर होतं. ‘‘तिला स्किप करता यायचं का?’’ नाही. ‘‘मग तुम्ही काय करायचे?’’ काही नाही, ती बोलायची, आम्ही बसून राहायचो. भाचीने फोन उपडा ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘मामा, ती तुम्हाला ओळखायची का?’’ मला खरं उत्तर ठाऊक होतं, पण आजीचा सारखा केलेला पदर आठवला आणि तोंडातून ‘हो’ निघून गेलं. कुठे राहायची, या पुढच्या प्रश्नाला मी हाँगकाँग म्हणालो, तेही फारसं खोटं नव्हतं. झालं. तेव्हापासून पुसदच्या एका शाळेत बातमी आहे की हिच्या मामाची हाँगकाँगला एक ओळखीची बाई होती आणि ती त्याला रोज संध्याकाळी भेटायची. परवा बहिणीचा फोन आला होता. आधी पाऊसपाण्याचं बोलली, कापसाच्या भावाचं बोलली, आणि मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं की हे हाँगकाँगचं काय प्रकरण आहे, आणि वहिनीला माहीत आहे का.