पाणी कोण घालतं?

"अहो, ऐकलंत का, आमचं झाड गेलं हो!"

वहिनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून इतक्या पडेल आवाजात म्हणाल्या, की माझी कोथिंबीर निवडायची थांबली. झाड म्हणजे भाऊजींचं बोन्साय. रिटायरमेंटला ऑफिसातल्या पोरांनी शाल, श्रीफळ आणि हे झाड दिलं होतं. शाल कपाटात गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या आणि झाड हॉलमध्ये टीव्हीशेजारी विराजमान झालं.

"सासूबाई म्हणतात, शकुन बरा नव्हे. माणूस घरी बसला आणि झाड वाळलं."

"शकुनाचं नंतर बघू. आधी झाड इकडे द्या."

भिंतीवरून ट्रे इकडे आला. वीतभर उंचीचं ज्युनिपर. डावीकडच्या दोन फांद्या तांबूस तपकिरी, हात लावला की झडणाऱ्या. उजवी बाजू हिरवी, पण मागच्या वर्षीच्या प्लॅस्टिकच्या तोरणासारखी.

"हिरवं आहे की अजून," वहिनींना जरा धीर आला.

"त्या हिरव्यावर जाऊ नका. हे झाड फार आतल्या गाठीचं. मोगऱ्याला पाणी कमी पडलं तर संध्याकाळी मान टाकून सांगतो. हे मेलं तरी महिना-दोन महिने हिरवंच राहतं. आज माघात तपकिरी दिसतंय म्हणजे दुखणं दिवाळीच्या सुमाराचं असणार."

"अगंबाई! भाऊबीजेला तर सगळे कौतुक करत होते."

मी वाळक्या फांदीची साल नखानं जराशी खरवडली. आत कोरडं, खाकी लाकूड. उजवीकडची खरवडली, तर सालीखाली ओली हिरवी रेघ, कोवळ्या मटारच्या सालीसारखी.

"जिवंत आहे. पण निम्मंच."

मग खराट्याची एक काडी मातीत खोल खुपसून ठेवली. कोथिंबीर निवडून होईपर्यंत राहू दिली. बाहेर काढली तर टोकापर्यंत काळी ओली, आणि वास तुंबलेल्या मोरीचा.

"वहिनी, पाणी कोण घालतं?"

"हे घालतात ना. रोज सकाळी मोजून एक वाटी. भारी शिस्त."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "पूजेच्या तांब्यातलं उरलेलं मी घालते हो. तुळशीपर्यंत कोण जातंय गुडघे घेऊन!"

आणि लादी पुसता पुसता त्यांच्या बाई म्हणाल्या, "मी बी घालते की ताई. कुणी घालताना दिसत न्हाई, म्हटलं बिचारं तहानेलं असंल."

वहिनी माझ्याकडे बघेनात. म्हटलं, "राहिलं कोण? तुम्हीच."

"मी पाणी नाही हो घातलं," त्या हळूच म्हणाल्या, "चहाचा चोथा घातला. खत म्हणून."

ट्रेची गंमत आणखी वेगळी. वर शोभेचे पांढरे खडे गोंदानं चिकटवलेले, ते उलथन्यानं उचकटले. खाली चिकणमाती. तळाला भोक होतं, पण मातीनं पक्कं बुजलेलं, आणि त्याखाली पाणी सांडू नये म्हणून पितळी ताटली. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणजे बुडालेलं झाड वरून तहानेनं वाळतं. ते वाळलेलं बघून आपण आणखी वाटीभर ओततो.

"पण थंड हवेतलं झाड म्हणून आम्ही दुपारी एसी लावायचो त्याच्यासाठी! बिल बघा आमचं."

आता यावर काय बोलणार? थंडी त्याला हवी असते ती उघड्यावरची. याचीच भावंडं लडाखात उघड्या डोंगरावर वाढतात. तिथे त्यांना शुकपा म्हणतात आणि गोंप्यांत त्यांचा धूप जाळतात. त्या कुळातलं झाड एसीत ठेवलं तर हवा कोरडी मिळते, आणि ऊन काही मिळत नाही. ज्युनिपर हे घरात ठेवायचं झाडच नव्हे.

कोरड्या हवेवरून आठवलं, म्हणून भाऊजींच्या प्रिंटरचा एक कोरा कागद मागवला. हिरवी फांदी त्यावर दोनदा झटकली. कागदावर धुळीचे कण पडले आणि त्यातले काही चालायला लागले. वहिनी दोन पावलं मागे.

"लाल कोळी. तुमच्या एसीत सुखानं नांदत होते."

औषध आधी नाही काढलं. माती प्लॅस्टिकनं झाकली आणि पाइपच्या धारेनं पानं खालून-वरून धुतली. चार-चार दिवसांनी तीन वेळा तेच केलं. नंतर कागद कोरा राहायला लागला.

मुळांचं काम मात्र मऊ हातानं. आजारी ज्युनिपरची मुळं उघडी करून धुवायची नसतात. मातीत पांढुरकी बुरशी दिसते तिलाही घाबरायचं नाही, ती बहुधा मुळांची सोबतीण असते. गड्डा होता तसा उचलला, कडेचा कुजका काळा भाग तेवढा काढला आणि थोड्या मोठ्या कुंडीत ठेवला. भोवती विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, भुगा चाळणीनं चाळून टाकलेला. कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाची ढलपी सरकवली. कुंडी तिरकी असली की पाणी लवकर निथळतं.

"आणि खत?"

"तापातून उठलेल्याला बासुंदी देता का? नवीन फूट दिसेपर्यंत काही नाही." आठवडाभर आंब्याच्या सावलीत, मग सकाळचं ऊन. हॉलमधून थेट उन्हात ठेवलं असतं तर उरलेलंही करपलं असतं.

सासूबाईंचं म्हणणं, वाळकं झाड दारात नको, टाकून द्या. मी वहिनींना विचारलं, "लेकीकडे वॉशिंग्टनला गेला होतात, तेव्हा नॅशनल आर्बोरेटम बघितलंत?"

"व्हाइट हाउस बघितलं. बाहेरून."

"तिथे अकरा ज्युनिपरचं रान एका ट्रेत उभं आहे. 'गोशिन' नाव त्याचं. जॉन नाका म्हणून जपानी वंशाचे अमेरिकन होते, त्यांनी 1948 मध्ये त्यातल्या पहिल्या झाडांना वळण द्यायला घेतलं आणि 1984 मध्ये सगळं रान देऊन टाकलं. एकेका नातवंडाच्या नावाचं एकेक झाड. आणि त्यातल्या कित्येकांचे शेंडे साल सोललेल्या वाळक्या लाकडाचे आहेत, मुद्दाम राखलेले. जपानीत अशा फांदीला 'जिन' म्हणतात."

"अकरा नातवंडं?" सासूबाई दारात आल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. आमची तीनच, असं पुटपुटल्या आणि शकुनाची भाषा त्या दिवसापासून बंद झाली.

मे संपता संपता उजवीकडच्या शेंड्यांवर पोपटी ठिपके आले. काही पालवी नेहमीच्या खवल्यांऐवजी सुईसारखी बोचरी आली. ज्युनिपरला त्रास झाला की ते अशी लहानपणची पानं काढतं, ती लगेच कापायची नाहीत. डावीकडच्या दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच. ज्युनिपरच्या तपकिरी झालेल्या फांदीला पुन्हा हिरवं फुटत नाही. भाऊजींनी पकडीनं त्यांची साल सोलली, गंधक-चुन्याचं पाणी लावलं, आणि आता त्या हाडासारख्या पांढऱ्या दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "हे जिन बरं का" असं सांगतात, जणू पहिल्यापासून तोच बेत होता.

झाड आता या भिंतीवरच असतं, सतत पाऊस लागला की छज्ज्याखाली. कुंडीत खराट्याची काडी कायम खोवलेली. ती ओली निघाली तर पाणी नाही, जवळजवळ कोरडी निघाली तरच, आणि तेही फक्त भाऊजींनी. पूजेचा तांब्या तुळशीकडे गेला, चोथा मोगऱ्याला जातो.

तुमच्याही हॉलमध्ये असं एखादं ज्युनिपर टीव्हीशेजारी बसलं असेल, तर आजच बाहेर काढा. ताटली उचला, भोक मोकळं आहे का बघा, फांदी नखानं खरवडा. आणि मग घरातल्या सगळ्यांना समोर बसवून एकच विचारा: पाणी कोण कोण घालतं?