लो केलेल्या गाडीचा धनी

गाडी ‘लो’ करणारा, म्हणजे ती जमिनीलगत बसवणारा तरुण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मुबलक आढळतो. गाडी बहुधा जुनी पोलो, पाटी एमएच 14. पोलो चाकणचीच लेक. 2022 साली तिचे उत्पादन थांबले, तेव्हापासून तो तिच्याविषयी माहेर तुटल्यासारखे बोलतो.

आठवडाभर तो एखाद्या व्हेंडरकडे क्वालिटीला असतो. तिथे दोन पार्टमधल्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला, तरी लाल टॅग लावून माल बाजूला काढतो; डिस्पॅचवाले कितीही हातापाया पडले तरी बधत नाही. रविवारी हाच गृहस्थ भोसरीच्या गॅरेजात फायबरचा बंपर बसवायला हजर.

पहिली अडचण जॅकची. स्प्रिंगा कापून गाडी एवढी बसवलेली असते, की जॅक खाली शिरतच नाही. म्हणून आधी पुढची चाके फळ्यांवर चढवायची, मग जॅक. चाकाआडचे, वरचे, खालचे स्क्रू काढून फॉगलॅम्पचे कनेक्टर सोडले, की जुना बंपर निमूट हातात येतो. नवा मात्र निमूट बसत नाही. कंपनीचा बंपर पोलादी साच्यातून निघालेला, प्रत्येक नग सारखा. हा हाताने थर चढवून केलेला. डावी बाजू ब्रॅकेटात बसली, की उजवीकडे बोट जाईल एवढी फट. मग ग्राइंडर, पुट्टी आणि सरतेशेवटी काळे केबल टाय. फटीबद्दल कोणी विचारलेच तर ‘पेंट झाल्यावर दिसणार नाही’ हे उत्तर तयार असते. कारखान्यात डेव्हिएशनवर सही करायला चार दिवस लावणारा माणूस स्वतःला ते तिथल्या तिथे, तोंडी मंजूर करतो.

खरी तपासणी रस्त्यावर होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. गल्लीतला गतिरोधक उंचीत उदार आणि रुंदीत हातभर. तिथे तो मागच्या मित्रांना उतरवून गाडी तिरकी घालतो. पाठीमागे कंपनीच्या बसचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. मूळ बंपरचे प्लॅस्टिक अशा ठिकाणी दबून बरेचसे पूर्ववत होते, फायबर सरळ तडकते. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा भोसरी.

मूळ बंपर तो विकत नाही. आईची बोलणी खाऊन त्याने तो माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवलेला असतो. हे त्याचे एकमेव शहाणपण. कारण गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक तोच मागते, फायबरच्या बंपरचे कोणी शंभर रुपयेही जास्त देत नाही.