द्राक्षांना भरली हुडहुडी

ऐकलं का? सोलापुरात आता द्राक्षं कुणी नुसती खात नाही म्हणे. नुसती खातात ती मागासलेली माणसं! द्राक्षं आणायची, देठ खुडायचे, धुवायची, पंच्यावर पसरून खडखडीत कोरडी करायची, ताटात एकमेकाला चिकटणार नाहीत अशी मांडायची आणि रात्रभर फ्रीजरमध्ये डांबायची. सकाळी गोटीसारखी टणक झाली की पिशवीत भरायची आणि लेकराच्या हातावर ठेवून बिनदिक्कत सांगायचं, "घे बाळा, चॉकलेट." आता बोला!

आणि हे कुठं? तर ज्या जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत तिथं. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे ज्यांची अर्धी हयात जाते, त्यांच्याच घरात गोळीला बंदी? पूर्वजांना काय तोंड दाखवणार आपण? वालचंद हिराचंद 1882 साली जन्मले ते इथं, सोलापुरात. त्यांनी 1933 मध्ये नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखरेचा उद्योग मांडला आणि पुढं त्याच रावळगावच्या गोळ्यांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांचे दात किडवले. पान पसंद काय, मँगो मूड काय! 2024 मध्ये ते सगळे ब्रँड 27 कोटींना रिलायन्सकडे गेले. सुट्टे नाहीत म्हणून वाणी जी गोळी हातावर टेकवायचा, तिचे 27 कोटी! आता तो वाणी सुट्ट्यांच्या बदल्यात काय देणार? दोन गार द्राक्षं?

खापर फोडायचं तर पहिलं रील्सवर. तिकडं अमेरिकेत पोरं द्राक्षं लिंबाच्या रसात बुडवून, जेलीच्या रंगीत पावडरीत घोळवून गोठवतात आणि वर त्याला पौष्टिक खाऊ म्हणतात. म्हणजे गोळी सोडायची म्हणून द्राक्षाचीच गोळी केली की हो! दुसरं खापर सीबीएसईवर. 2025 च्या मे महिन्यात त्यांनी शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कशात किती साखर ते पोरांना दिसावं म्हणून. झालं! पोरं घरी येऊन आईलाच पाढे म्हणून दाखवायला लागली. त्यात कुणीतरी जागतिक आरोग्य संघटनेचा 2015 चा सल्ला ग्रुपवर टाकला. वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाचच्या आत आली तर उत्तम. अख्ख्या फळातली साखर मात्र त्या हिशेबात धरत नाहीत. रसातली धरतात, फळातली नाही! ही पळवाट सापडल्यावर काय विचारता? ज्यूसर माळ्यावर आणि बर्फाचे ट्रे खाली.

जुळे सोलापुरात तर म्हणे केळ्यांनी कहर केलाय. करमाळ्याच्या कंदरची केळी परदेशात जातात, त्याचं आपल्याला कधी कौतुक नव्हतं. आता मात्र सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं दिसलं की बायका झडप घालतात. तेच गोड असतं ना! साल काढून, आडवं कापून, काडी खोचून आत. साल आधीच काढायची बरं का. एका महाशयांनी अख्खा डझन सालीसकट गोठवला. दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन ते त्या काळ्याठिक्कर केळ्यांशी झुंजत बसले होते आणि बायको शेजारणीला फोनवर धावतं वर्णन ऐकवत होती.

नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाकासारखं लांबट, कुरकुरीत, बिनबियांचं द्राक्ष दिलं. कशासाठी? आपण त्याचा दगड करावा म्हणून? डाळिंबाची तीच गत. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला 2005 पासून देशाचं डाळिंब संशोधन केंद्र आहे, एवढा थाट! आणि आपण त्या भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे सोलून, काळं मीठ भुरभुरून, बर्फ करून चमच्यानं कडाकडा चावतोय. सीताफळाबद्दल मात्र आम्ही गप्प. त्याचा गर तापवला की कडू होतो, तेव्हा गोठवण्याला निदान एक सबब तरी आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचं ते एनएमके-1 गोल्डन, गराला भरपूर आणि बियांना कंजूष. त्याचा गर कुल्फीच्या साच्यात घालून दुसऱ्या दिवशी काढला आणि पहिला घास आपणच घेतला, तर त्याला चोरी म्हणायचं का? नाही म्हणायचं.

बाटगे तर असे की मूळच्या भक्तांनी लाजावं! "लेकरांना दगडं खाऊ घालायलाव का बे?" असं गरजणारे आजोबा आता दुपारी कवळी काढून एकेक द्राक्ष गालात धरून पडलेले असतात. बाहेर बेचाळीस अंश, आत द्राक्ष. कुलर बंद केला तरी चालेल म्हणतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी सिलिकॉनचे साचे वाण म्हणून लुटले. तिळगुळाच्या शेजारी वाटीत गार द्राक्षं! एकीकडं सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलाय, होम मैदानावर पाळणे फिरतायत, आणि बायका चर्चा कशाची करतायत? तर ताटात बटर पेपर घालावा की नाही याची. एक काकू नातवासाठी सीताफळाच्या कुल्फ्या थर्मासात घालून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघाल्या. दौंडला बासुंदी झाली होती. काकू मोठ्या धीराच्या, त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना कप वाटले.

पण खरा अधर्म वेगळाच. गोठवलेलं द्राक्ष शेंगाचटणीत घोळवून खाणारी टोळी निघालीय! शेंगाचटणीत! कडक भाकरी आणि दही सोडून जिनं कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही, तिची ही सोयरीक? गोड, गार, तिखट, खारट, सगळं एका दाताखाली. आम्ही या प्रकाराचा तीव्र निषेध करतो. चटणी जरा जाडसर कुटलेली असली तर निषेध आणखी वेळ चालतो.

आणि साखर काय गेली म्हणता? ती मागच्या दारानं परत आली! आधी नुसतं केळं. मग केळ्याला वितळलेल्या चॉकलेटचा 'थोडासा' हात. मग त्यावर कंडेन्स्ड मिल्कची धार, कारण म्हणे पोरं खात नाहीत. त्यात मेख अशी की गार जिभेला गोडी कमीच कळते, म्हणून कच्चं आंबट फळ गोठवलं की तोंड वाकडं होतं आणि हात साखरेच्या डब्याकडं जातो. फळ मुळात पिकलेलं, गोड घ्या ना! पण नाही. आंबट द्राक्षं स्वस्त मिळाली म्हणून दोन किलो उचलायची, वर चार चमचे पिठीसाखर घालायची आणि ग्रुपवर फोटो टाकायचा, "नो शुगर". या पापाला सिद्धेश्वरसुद्धा क्षमा करणार नाही.

घरोघरी फ्रीजरवरून भांडणं जुंपलीत ती वेगळीच. मटाराची पिशवी कुणी हलवली? बर्फाचा ट्रे कुठं गेला? पाहुण्यांना सरबत द्यायचं तर बर्फाच्या जागी कलिंगडाचे त्रिकोण निघतात. वीज गेली की सगळं घर श्वास रोखून, फ्रीजचं दार उघडायला बंदी! नळाला पाणी किती दिवसांआड येतं याची आपल्याला सवय झाली, पण अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या, एकच गठ्ठा झालेल्या द्राक्षांचं दुःख काही पचत नाही.

थट्टा पुरे, एक गोष्ट मात्र गंभीरपणे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात अख्खं द्राक्ष देऊ नका, गोठवलेलं तर नाहीच. घशात अडकतं. उभं चिरून चार फोडी करा आणि जरा मऊ पडू द्या. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

बाकी आपण काय, बघे! आपल्याला काय करायचंय? बाजारात पेटीचा भाव विचारला तो सहज विचारला. फ्रीजरमध्ये डाव्या कोपऱ्यात जो डबा आहे तो पाहुण्यांसाठी आहे. आणि तुम्ही हे वाचून हसताय खरे, पण आधी तुमच्या फ्रीजरचं दार उघडा, आत काय आहे ते खरं खरं सांगा. द्राक्षांचा हंगाम एप्रिलपर्यंतच असतो, तेव्हा उत्तर लवकर द्या.